आडवी गिटार

आमच्या मामांच्या घरी, मिरजेला, माजघरातल्या कपाटावर एक लांबट पेटी असे. जुन्या चादरीत गुंडाळलेली, वरून सुतळीने बांधलेली. दिवाळीच्या साफसफाईला ती खाली उतरे, मामी तिच्यावरची धूळ झटकीत आणि ती पुन्हा वर जाई. मामा घरात असले की तिचा विषय कोणी काढत नसे. पुढे मी नववीत असताना एका मे महिन्याच्या सुट्टीत हट्ट धरून बसले, आणि मामांनी काय वाटले कोण जाणे, सुतळी सोडली. आत गिटार होती. सिनेमात पाहिली होती तशी गळ्यात अडकवायची मात्र ती नव्हती. मामांनी ती मांडीवर आडवी घेतली, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवल्या, डाव्या हातात एक गुळगुळीत पोलादी कांडी धरली, ती तारांवर टेकवली आणि नुसती सरकवली. हार्मोनियमवर सूर या पट्टीवरून त्या पट्टीवर उडी मारतो. इथे तो चालत गेला. वाटेत त्याने काहीही वगळले नाही.

हिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या ज्यांच्या घरी वाजल्या त्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. सिनेमातल्या गाण्यांच्या धुना त्यांनी या गिटारीवर अशा वाजवल्या की शब्द आपोआप ओठांवर यावेत. आमचे मामा 1974 पासून सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीच्या टापूत एका ऑर्केस्ट्रात ही गिटार वाजवत. 1989 साली ऑर्केस्ट्राच्या मालकांनी एक इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आणला. त्यात एक बटण दाबले की गिटार, दुसरे दाबले की बासरी. मामांना कोणी जा म्हटले नाही, फक्त पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आला नाही. ते सूतगिरणीत हिशेब लिहू लागले आणि पेटी कपाटावर गेली. हे सारे मला मामींनी सांगितले. मामा स्वतः त्यावर कधी अक्षर बोलले नाहीत.

मी त्यांच्याकडून शिकले. शिकले म्हणजे सुट्टीसुट्टीत, तुकड्यातुकड्याने. पण कॉलेजात येईपर्यंत हात बरा फिरू लागला होता आणि माझे मलाच ते फार आवडू लागले होते. तिथेच घोटाळा झाला.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझी एक मैत्रीण भावगीत गाणार होती. त्याच पावसाळ्यात तिचे वडील वारले होते. गाणे त्यांच्या आवडीचे. संध्याकाळी सायकल अंगणात लावताना ते गुणगुणत यायचे, म्हणून तिने निवडलेले. साथीला तिने मला बोलावले. मी महिनाभर तालीम केली, पण ती माझी तालीम होती, तिच्या गाण्याची नव्हे. प्रत्यक्ष कार्यक्रमात मी तिच्या प्रत्येक ओळीखाली एक मींड घातली आणि प्रत्येक शब्दामागे एक हुंदका काढला. दुसऱ्या अंतऱ्यात एका शब्दापाशी ती थांबली. थांबली म्हणजे तिला थांबावे लागले. त्या क्षणी सभागृहात काहीही वाजायला नको होते. मी ती जागा भरून काढली, आणि अशी भरून काढली की मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. ती पुढे गायली, पण सपाट, जणू कोणा परक्याचे गाणे गात असावी. खाली उतरल्यावर "तू छान वाजवलंस," एवढे म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागली.

मामा त्या दिवशी श्रोत्यांत होते. परतताना एस.टी.च्या वेळांविषयी बोलले. गिटारीविषयी एक शब्द नाही.

आता मी जे सांगणार आहे ते अमेरिकेतल्या संगीताविषयी आहे. मिरजेच्या कपाटावरून एकदम तिकडे कशी गेले, हे आधी सांगायला हवे. मामांच्या शेजारी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका राहतात. नाताळात आम्हां सगळ्यांना त्यांच्याकडे केक असतो, आणि केकबरोबर जिम रीव्ह्ज. हा अमेरिकन गायक 1964 साली विमान अपघातात गेला, पण आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून त्याचा तो मखमली आवाज नाताळात अजून ऐकू येतो. त्या नाताळात मी मोबाईलवर त्याचे 'ही'ल हॅव टू गो' लावले. ते संपले आणि मोबाईलने आपणहून पुढचे गाणे लावले. गायक हँक विल्यम्स, गाणे 'युअर चीटिन हार्ट'. सुरुवातीलाच एक तार अशी काही कळवळून उठली की केकचा घास माझ्या हातातच राहिला. ही तर आमची कपाटावरची गिटार!

त्या रात्री मी ते गाणे मामांना ऐकवले. त्यांनी डोळे मिटून एकदा ऐकले, पुन्हा लाव म्हणाले, तिसऱ्यांदा लाव म्हणाले. मग म्हणाले, "अगं, हा गाण्यावर वाजवत नाही. गाण्याच्या मागनं येतो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू गाण्यावर वाजवलीस."

सहा महिन्यांनी मिळालेला हा अभिप्राय. पुढचे वर्षभर मी आणि मामा मिळून हेच ऐकत आलो. हे 'मागनं येणे' म्हणजे काय, हा शोध त्यातून सुरू झाला.

आधी गिटारीचे कूळ. गिटार हवाई बेटांवर पोचली ती 1830 च्या दशकात, मेक्सिकोहून गुरे राखायला आणलेल्या घोडेस्वारांबरोबर. तिला आडवी करून पोलादाने वाजवण्याचे श्रेय बहुतेक जोसेफ केकुकू या मुलाला देतात. 1874 चा त्याचा जन्म, ओआहू बेटावरच्या लाई गावचा. रेल्वेच्या रुळालगत सापडलेला एक बोल्ट त्याने तारांवर घासून पाहिला अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, शाळेच्या कर्मशाळेत त्याने पुढे या कामासाठी पोलादी कांडी बनवून घेतली आणि 1904 मध्ये बेट सोडून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ही विद्या घेऊन गेला. या श्रेयावर दुसराही एक दावा आहे, आणि तो ऐकून मामा खुर्चीत ताठ बसले. गाब्रिएल डेव्हियन नावाच्या एका खलाशी पोराने केकुकूच्या आधी हे केले असे काहींचे म्हणणे, आणि हा डेव्हियन म्हणे जन्माने हिंदुस्थानातला! आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोटा फिरवतात, दक्षिणेत गोट्टुवाद्यम आहे, तेव्हा त्या पोराने लहानपणी कुठे असे काही पाहिले असेल का? मामांनी हा प्रश्न तिथेच निकालात काढला. "पाहिलंच असणार," म्हणाले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी क्षमा करावी. पुरावा मागितला तर आमच्याकडे नाही.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने लोकांना वेड लावले. पुढची काही वर्षे अमेरिकेत हवाईयन तबकड्यांचा सुकाळ होता. खेड्यापाड्यांत ही गिटार शिकवणारे मास्तर निघाले आणि डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्यांच्या, खाणकामगारांच्या गाण्यांत ती शिरली. कंट्री संगीताचा आद्य तारा जिमी रॉजर्स हा मूळचा रेल्वेतला नोकर. त्याने 1929 मध्ये ज्यो काइपो या हवाईयन वादकाला बरोबर घेऊन ध्वनिमुद्रणे केली. गर्दीत आणि नाचाच्या गोंगाटात ही गिटार ऐकू जात नसे, म्हणून तिच्यात वीज खेळवण्याचा खटाटोप झाला. 1932 साली बाजारात आलेली, दांडीच्या तव्यासारखी दिसणारी रिकनबॅकर कंपनीची आडवी गिटार ही विकायला आलेली पहिली विजेची गिटार. आज रॉक संगीतवाले जिच्यावर उड्या मारतात तिची थोरली बहीण म्हणजे ही मांडीवरची! हे वाचल्यापासून मामा आमच्या गल्लीतल्या केस वाढवलेल्या गिटारवाल्या पोरांकडे जरा वडीलकीच्या नजरेने पाहू लागले आहेत.

हँक विल्यम्सबरोबर वाजवणाऱ्याचे नाव डॉन हेल्म्स. हँकचा आवाज थोडा नाकातला, कोरडा, ग्रामीण. गाण्यातला माणूस स्वाभिमानी. तो रडत नाही, फार तर समोरच्याला बजावतो की तुझेच मन तुला एक दिवस छळेल. संगीत प्रकाशक फ्रेड रोझ यांच्या सूचनेवरून हेल्म्स गिटार वरच्या सप्तकात ठेवत. त्या काळच्या लहानशा रेडिओतून, खाणावळीतल्या नाणे टाकून वाजणाऱ्या पेटीतून खर्जाचे सूर पुसून जात, वरचे मात्र टोचून पलीकडे पोचत. कारण व्यवहाराचे, पण परिणाम बघा. गायक खाली जमिनीवर उभा राहून बजावतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर, जिथे त्याचा आवाज कधी पोचणार नाही अशा उंचीवर, कोणीतरी रडते आहे. ते रडणेही त्याचेच, फक्त त्याने ते स्वतः करायचे नाही असे ठरवले आहे. 23 सप्टेंबर 1952 ला नॅशव्हिलमध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. हँकचे ते शेवटचे ध्वनिमुद्रण. 1953 च्या पहिल्या दिवशी, प्रवासात, मोटारीच्या मागच्या आसनावर तो मेला. वय 29. तबकडी त्यानंतर बाजारात आली.

मी घड्याळ लावून ऐकले. हँक ओळ म्हणत असतो तेव्हा हेल्म्स जवळजवळ गप्प असतात. ओळ संपते, हँक श्वास घेतो आणि त्या श्वासाच्या फटीत तीन-चार सूर येतात. हँकची पुढची ओळ सुरू व्हायच्या आत ते आवरतेही घेतात. आपल्याकडच्या सारंगीशी याची तुलना करायचा मोह होतो. मिरजेत वाढलेल्या माणसाला तर फारच होतो. पण मामांनी फरक बरोबर पकडला. सारंगी गायकाची सावली होते, तो जाईल तिथे पावलावर पाऊल ठेवून जाते. ही सावली नव्हे. गायक अंगणातून बाहेर पडला की दारात येऊन उभी राहणारी ही कोणी आहे. ती काय म्हणते ते त्याला ऐकू जात नाही, आपल्यालाच जाते.

हँकच्याच 1949 च्या 'आय'म सो लोन्सम आय कुड क्राय' या गाण्यात वाजवणारा निराळा. तो जेरी बर्ड. त्याचा सूर इतका गोल की मामांनी एकदा बोटाने हवेत वर्तुळ काढून दाखवले. हा मुळचा ओहायोचा, हवाईशी नात्यागोत्याचा संबंध नाही. पण 1972 मध्ये तो होनोलुलुला जाऊन राहिला, आणि तिथल्या तरुणांच्या हातून सुटत चाललेली ही विद्या त्याने त्यांना परत शिकवली. 2005 साली तिथेच वारला. उसने घेतलेले भांडे घासूनपुसून परत नेऊन द्यावे तसे हे मला वाटते.

आता पायपट्ट्यांची गोष्ट, जी मामांना सगळ्यात अवघड गेली आणि सगळ्यात आवडली. मांडीवरच्या गिटारीची एक अडचण आहे. कांडी सरळ असल्यामुळे सगळ्या तारा एकदमच चढतात, एकदमच उतरतात. म्हणून या वाद्याला पाय लावून ते मेजासारखे उभे केले गेले आणि खाली पट्ट्या जोडल्या गेल्या. पट्टी दाबली की ठराविक तारा ताणल्या जातात, बाकीच्या हलत नाहीत. सुरुवातीला या पट्ट्यांचा उपयोग जुळणी बदलण्यापुरता होई. 1953 च्या अखेरीस वेब पिअर्सचे 'स्लोली' हे गाणे मुद्रित होत असताना बड आयझॅक्स या वादकाने तारा वाजत असतानाच पट्टी दाबली. गाणे 1954 साली कित्येक आठवडे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते, आणि अमेरिकेतले तमाम स्टील गिटारवाले आपापल्या गिटारींना पट्ट्या जोडायला धावले. काहींनी घरच्या भंगारातून त्या बनवल्या.

त्या एका दाबण्यात काय झाले ते आपल्या भाषेत सांगते. नॅशव्हिलच्या प्रचलित जुळणीत षड्ज, गंधार आणि पंचम या तारा एकत्र वाजत आहेत असे समजा. एक पट्टी दाबली की पंचम चढून शुद्ध धैवत होतो. दुसरी दाबली की गंधार चढून मध्यम होतो. षड्ज जागचा हलत नाही. दोन्ही पट्ट्या हळूहळू दाबल्या तर ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? तिघे एका ओसरीवर बसले होते, दोघे उठून निघाले, एक बसून राहिला. उठण्याची ती क्रिया पूर्ण ऐकू येते, सबंधच्या सबंध. वियोगाचे गाणे गाणाऱ्यांना याहून नेमके वाद्य कोणी दिले असते असे मला वाटत नाही.

शिवाय उजव्या पायाखाली आवाज लहानमोठा करायची आणखी एक पट्टी असते. वादक तार छेडतो तेव्हा आवाज मुद्दाम कमी ठेवतो आणि छेडून झाल्यावर वाढवतो. त्यामुळे नखीचा टणत्कार ऐकूच येत नाही. सूर कुठून तरी उगवल्यासारखा येतो, माणसाने तोंड उघडावे तसा. गुडघ्यांनी ढकलायचे दांडे आणखी वेगळे. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे कामाला. मामांनी मोबाईलवर हा प्रकार पाहिला आणि ते मोठ्याने हसले. "हा गिटार वाजवतोय का माग चालवतोय?" मामांच्या वडिलांचा इचलकरंजीला हातमाग होता. हसून झाल्यावर ते बराच वेळ त्या वादकाच्या पायांकडेच बघत राहिले.

या सगळ्या ऐकण्यात ज्या एका गाण्याने मला खरोखर धक्का दिला ते बक ओवेन्सचे 'टुगेदर अगेन', 1964 सालचे. बक ओवेन्स कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. 1930 च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा, टेक्सासकडची हजारो कुटुंबे बिऱ्हाड मोटारीवर बांधून तिकडे गेली होती. त्यांच्या वस्त्यांतून, दारूच्या गुत्त्यांतून हे संगीत उभे राहिले. मर्ल हॅगर्डचे आईवडीलही असेच ओक्लाहोमातून आलेले. तर हे गाणे. शब्द पाहिले तर आनंदाचे: दुरावलेले दोघे पुन्हा एकत्र आले, आता सगळे ठीक आहे. गायकही तसेच म्हणतो. मध्ये टॉम ब्रम्ली या वादकाचा स्टील गिटारीचा छोटासा एकल तुकडा येतो, आणि तो ऐकताना गळा दाटून येतो. का? मी हा प्रश्न मामांना विचारला. त्यांनी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग जेवताना म्हणाले, "परत येणाऱ्या माणसाला जाऊन आल्याचं कळतंच की."

गाण्यातला माणूस जे म्हणतो आहे त्याच्यावर त्याचा स्वतःचा पुरता विश्वास नाही, किंवा असलाच तर मधल्या काळात जे गेले ते परत आलेले नाही. शब्दांनी हे सांगितले असते तर गाणे मोडले असते. आनंदाच्या गाण्यात शंका कोण ऐकून घेणार? म्हणून शब्द आनंदाचे ठेवले आणि उरलेले सगळे ब्रम्लीच्या तारांवर सोडले. ब्रम्लीने ते ओळींच्या आड न येता, आपली पाळी आल्यावर सांगितले. या संगीतात स्टील गिटारीचे काम काय, असे मला कोणी विचारले तर मी व्याख्या करत बसणार नाही. हे गाणे लावीन.

आता जिम रीव्ह्जकडे परत जाते, कारण शेजारच्या परिचारिका बाईंशी माझा यावरून वाद झाला आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोलने कंट्रीचे गिऱ्हाईक पळवले. तेव्हा नॅशव्हिलमधल्या चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली प्रभृती निर्मात्यांनी शहरी श्रोत्याला रुचेल असा घाट काढला: व्हायोलिनांचा ताफा, मागे गुणगुणणारा गायकवृंद, मऊ पियानो. फिडल आणि स्टील गिटार दाराबाहेर. 'ही'ल हॅव टू गो' मध्ये स्टील गिटार नाही ती त्यामुळे. गाणे सुरेख आहे, हे बाईंना मी सांगितले. पण त्यातला माणूस टेलिफोनवर जे बोलतो तेवढेच तो आहे. त्याच्या मागे दारात कोणी उभे नाही. बाईंना हे पटले नाही. "आवाजातच सगळं आहे, वेगळं रडायला कशाला हवं?" असे त्या म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्यांचेही काही चूक नाही. तरी गंमत अशी की त्याच काळात, त्याच ब्रॅडलींच्या हाताखाली पॅट्सी क्लाइनने 1961 साली 'क्रेझी' गायले, त्यात मागे कुठेतरी स्टील गिटार आहेच, अगदी हलकी. हाकलून दिलेली म्हातारी मागच्या दाराने येऊन चुलीपाशी बसावी तशी.

हे वाद्य नेहमीच शहाणपणाने वापरले गेले असेही नाही. ऊठसूट हुंदके काढणारी स्टील गिटारही मी भरपूर ऐकली, आणि ती ऐकताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कारण ती माझीच होती. पीट ड्रेक हा केवढा वादक. 1968 च्या टॅमी वायनेटच्या 'स्टँड बाय युअर मॅन' मधली गिटार त्याची, आणि 1970 मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने त्याला आपल्या ध्वनिमुद्रणासाठी लंडनला बोलावून घेतले. पण त्यानेच तोंडात नळी धरून गिटारीकडून शब्द उच्चारून घेण्याची एक करामत काढली होती. 1964 साली ती तुफान गाजली. मला ती आवडत नाही. जे वाद्य न बोलून सांगते त्याला बोलायला लावून काय मिळवले? मामांना मात्र ती फार आवडली. त्यांनी ती चारदा ऐकली आणि मामींनाही बोलावून ऐकवली.

एवढे ऐकून झाल्यावर मी मैत्रिणीकडे गेले. माफी मागायचे वाक्य वाटेत तीन-चारदा जुळवले होते, ते दारातच विसरले. तिची आई पोहे घेऊन आली. आम्ही अभ्यासक्रमावर बोललो, मराठीच्या पेपरावर बोललो. निघताना मी म्हटले, मामांकडे एकदा येशील का, ते गाणे घेऊन. ती काही बोलली नाही. पण पुढच्या रविवारी दुपारच्या पॅसेंजरने आली.

मामांच्या माजघरात पंखा बंद करून आम्ही बसलो. मामा खिडकीपाशी, गिटार माझ्या मांडीवर. तिने तंबोऱ्याशिवायच सूर धरला आणि गाऊ लागली. पहिल्या ओळीला मी कांडी तारांना लावलीच नाही. ओळ संपली तेव्हा दोन सूर दिले आणि हात उचलला. त्या दोन सुरांना मला जितकी भीती वाटली तितकी स्नेहसंमेलनातल्या दोनशे सुरांना वाटली नव्हती. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्यात तो शब्द आला आणि ती पुन्हा तिथेच थांबली. मी तारांवर तळवा ठेवून त्या बंद केल्या. बाहेर सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीकडून कोणीतरी भोपळा तासत असल्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिने तो शब्द पुन्हा घेतला आणि ओळ पुरी केली.

गाणे संपल्यावर तिने पदराने तोंड पुसले आणि पाणी मागितले. मामी पाणी आणायला आत गेल्या. मी मामांकडे पाहिले. ते खिडकीतून उठले, माझ्या मांडीवरच्या गिटारीवर वाकले आणि एक खुंटी किंचित पिळली.

"तिसरी तार उतरली होती," म्हणाले. "आता परत म्हणा."